ग्लासातली जागा

हिमायतनगर, हैद्राबाद
८ जून २०२४

मीनाताईंना सप्रेम नमस्कार.

पराग, गौरी आणि ईशा पुण्याला सुखरूप पोचल्याचा फोन आला. तुम्ही त्यांच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहता, तेव्हा माझ्या आधी तुम्हाला कळलंच असणार. मे महिनाभर नातीची धावपळ होती, आता घरात ह्यांच्या रेडिओखेरीज आवाज नाही.

पत्राचं कारण म्हणजे ईशाचा ब्रश. पिवळा, दांड्यावर जिराफ असलेला. तो इथेच राहिला. निघायच्या घाईत गौरीने आमच्या ग्लासात खुपसला असावा, माझ्या आणि ह्यांच्या ब्रशच्या मधे. बघून मला नवलच वाटलं. कारण आमच्याकडे ईशाचा ब्रश कधी ग्लासात उभा राहिलाच नाही. दात घासून झाले की टोपण लावायचं, पिशवीत घालायचं, पिशवी बॅगेत. लॉजवर उतरल्यासारखं. तुमच्याकडे तिचा स्वतःचा निळा ग्लास आहे आणि त्यावर तिचं नाव आहे, हे मी व्हिडिओ कॉलवर तिच्या पाठीमागे पाहिलंय. छान आहे ग्लास.

मुलीची वस्तू मुलीच्या घरी असावी म्हणून कुरिअरने पाठवते आहे. उकळत्या पाण्यातून चांगला काढलाय, तेव्हा स्वच्छतेची काळजी नको. सोबत थोडी सुकी खुबानी, म्हणजे आपले जर्दाळू, घातली आहे.

हे फोनवरही सांगता आलं असतं, पण आमच्याकडे फोन कायम स्पीकरवर असतो आणि तुमच्याकडे गौरी शेजारी असते. दोन विहिणींचं बोलणं चौघांनी ऐकावं असं मला वाटत नाही. शिवाय जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, पत्राची खोड जात नाही.

तुमची,
रजनी

कोथरूड, पुणे
१७ जून २०२४

रजनीताई, नमस्कार.

पार्सल मिळालं. खुबानी उत्तम आहे. ईशाला मात्र मी ती देत नाही. गेल्या वर्षी सुट्टीनंतर तिची दाढ भरावी लागली, ते तुम्हाला आठवत असेल. दोष कुणालाच देत नाही, फक्त ती किडलेली निघाली हैद्राबादहून आल्यावर, एवढंच.

आता ब्रशबद्दल. राग मानू नका, पण ब्रश उकळत्या पाण्यातून काढायचा नसतो. त्याचे केस पार वाकडे झालेत, झोपेतून उठलेल्या माणसासारखे. नुसता नळाखाली धुवायचा, झटकायचा आणि केस वर करून उभा ठेवायचा, वारा लागेल असा. ओला ब्रश टोपणात कोंडला की वास धरतो. टोपण फक्त प्रवासापुरतं. मुक्कामाला पोचल्यावर पहिल्यांदा काढून टाकायचं. तीन महिन्यांनी ब्रश बदलायचा आणि केस फाकले तर त्याआधीही. आणि मुलांचा ब्रश मोठ्यांच्या ब्रशांना चिकटून तर ठेवूच नये. हे सगळं मी ईशाच्या दातांच्या डॉक्टरबाईंकडे बसून ऐकलंय, कारण तिला तिथे नेते मी.

पार्सल उघडलं तेव्हा ईशा समोरच होती. थोडी कुरकुरली, पण शाळा नुकतीच सुरू झालीये, या दिवसांत ती अशीच असते.

एक विनंती. तुमच्याकडून आल्यापासून ती बोटाने काळं मंजन लावायचं म्हणते. आजोबा लावतात तसं. तोंड काळं करून आरशात बघून हसायचं असतं म्हणे. इथे सकाळी स्कूलबस दाराशी हॉर्न देत असते, हसायला वेळ नसतो. नरहररावांना म्हणावं, कौतुक पुरे.

आपली,
मीना

हिमायतनगर, हैद्राबाद
६ जुलै २०२४

मीनाताई,

तुमच्या ब्रशपुराणाबद्दल आभारी आहे. ह्यांनाही वाचून दाखवलं. ते म्हणाले, इतके नियम तर आम्ही सरकारी नोकरीत पाळले नाहीत. पण एक शंका आहे. ओला ब्रश टोपणात कोंडायचा नसतो म्हणता, तर मग आमच्याकडे महिनाभर तो कोंडून ठेवायला तुमच्या लेकीला कुणी सांगितलं? का आमच्या घराला वारा नाही?

एप्रिलमध्ये मी बेगम बाजारात गेले होते. मसाला घ्यायचं निमित्त होतं, खरं काम ब्रशचं होतं. तुमच्या त्या निळ्या ग्लासाला उत्तर म्हणून ईशासाठी आपल्या घरचा एक ब्रश घ्यायचा, असं मनात होतं. दुकानदार म्हणाला, "नरम ब्रश दो दिन में बैठ जाता अम्मा. ये लेओ, सख़्त है, बच्ची के दाँत मोती हो जाते. पूरा डझन लेओ." मी घेतला डझन. ईशाने एकदा तोंडात घातला, "आजी, हा टोचतो" म्हणाली आणि बॅगेतला आपला जिराफ काढला. गौरी काही बोलली नाही. तिने काही न बोलण्याचा मला जास्त राग आला.

आता मुख्य गोष्ट. ईशा फोनवर येत नाही. ती गेल्यापासून पहिले आठ दिवस रोज बोलत होती. पार्सल पोचलं आणि तेव्हापासून "नंतर" म्हणून पळते. पराग म्हणतो होमवर्क आहे. दुसरीतल्या मुलीला असा कोणता होमवर्क असतो हो? तुम्ही तिला काही सांगितलंत का माझ्याबद्दल? खुबानीबद्दल, दाढेबद्दल? काय असेल ते सरळ लिहा.

परवा गौरीने ग्रुपवर ईशाचं चित्र टाकलं. बेसिनपाशी उभी मुलगी आणि तिच्या शेजारी चष्मा लावलेली आजी. मला चष्मा नाही. मी फोन पालथा ठेवून दिला आणि ह्यांनी विचारलं तेव्हा डोळ्यांत कांदा गेला म्हणाले. घरात त्या दिवशी कांदा नव्हता.

मला तुमचा हेवा वाटतो, मीनाताई. लिहून टाकलं. सकाळी उठून ती तुमच्या आरशात तोंड बघते याचा हेवा वाटतो. तुम्हाला नात रोज मिळते. मला मिळते सुट्टीत, तीही बॅग भरलेली.

रजनी

कोथरूड, पुणे
१८ जुलै २०२४

रजनीताई,

हेवा? माझा? तर मग ऐका.

सकाळी सहाला तिला उठवते मी. "दात घास" म्हणते मी. "नीट घास, मागचे घास, पाणी बंद कर" म्हणते मी. तिच्या आईला सातची मीटिंग असते, बाबा झोपलेले असतात. रोज सकाळी त्या मुलीच्या तोंडी एकच वाक्य असतं, "हैद्राबादची आजी असं ओरडत नाही." हे गेल्यानंतर मी माझा संसार आवरून या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले, ते काय हे ऐकायला? तुमच्या वाट्याला आंबे, गोष्टी आणि मंजन. माझ्या वाट्याला बस. तुम्ही महिनाभर आजी असता, मी अकरा महिने शिपाई असते. हेवा कुणी कुणाचा करायचा?

ते चित्र. शाळेने विषय दिला होता, "घरी मला कोण रागावतं?" गौरीने वरची ओळ कापून फोटो टाकला, मला वाईट वाटू नये म्हणून. आता ते चित्र तुम्ही ठेवून घ्या. मला नको.

आणि ब्रशचं ऐकायचंय ना? तो कुणी विसरलं नव्हतं. गौरीने घाईतही खुपसला नव्हता. निघायच्या दिवशी ईशाने तो बॅगेतून हळूच काढला आणि तुमच्या ग्लासात ठेवला. "माझा ब्रश आजीकडे राहतो," असं तिने आल्या आल्या मला सांगितलं. माझ्या तोंडावर. नाचत.

मग तुमचं पार्सल आलं. तिने उघडलं. ब्रशचे वाकडे केस बोटाने चाचपले. मग म्हणाली, "आजीला माझा ब्रश नको झाला," आणि रडत सोफ्यामागे जाऊन बसली. म्हणून ती फोनवर येत नाही. मी तिला तुमच्याविरुद्ध चकार शब्द सांगितलेला नाही. पण तुमच्या बाजूनेही सांगितलेला नाही. सांगायला हवा होता, हे मला कळत होतं. पण त्या दिवशी ती माझ्याच मांडीवर येऊन झोपली, आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

मीना

हिमायतनगर, हैद्राबाद
२४ जुलै २०२४

मीनाताई,

तुम्हाला बरं वाटलं!

तुमचं पत्र वाचून मी न्हाणीघरात गेले आणि त्या ग्लासाकडे बघत उभी राहिले. तिने ठेवला होता. आमच्या दोघांच्या मधे, बरोब्बर मधे. आणि मी काय केलं? उकळलं, पुसलं, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलं आणि वर टेप लावला. शाळेत इतक्या मुलांची तोंडं वाचली, घरच्या नातीचं एक काम वाचता आलं नाही. तुमच्या ग्लासाचा मत्सर डोक्यात बसला होता ना, दुसरं काही दिसेचना. हे म्हणाले, "तू तर हौलीच आहेस." आमच्या हैद्राबादेत वेडपटाला हौला म्हणतात. मी उलटून बोलले नाही, यावरून समजा.

पण तुम्ही? सहा वर्षं पुरी झालेलं पोर माझ्यामुळे सोफ्यामागे रडतं, तुम्हाला खरं ठाऊक असतं, आणि तुम्ही मला टोपणाचे नियम लिहून पाठवता. "थोडी कुरकुरली" म्हणे!

जास्त लिहीत नाही. तो ब्रश मला परत पाठवा. केस वाकडे असले तरी चालेल. मला तो त्याच जागी ठेवायचाय.

रजनी

कोथरूड, पुणे
३ ऑगस्ट २०२४

रजनीताई,

ब्रश नाही. मी तो टाकला.

तुमचं पत्र येण्याच्या कितीतरी आधी. केस वाकलेला ब्रश हिरड्या सोलतो, तो मुलीच्या हाती लागायला नको, हे कारण खरं आहे. रोज दिसायला नको, हेही कारण खरं आहे. आता दोन्हींतलं मोठं कुठलं ते मला विचारू नका. तुमचं पत्र वाचल्यावर मी उगाच कपाट उघडून पाहिलं, जणू मी ठेवला असेल. नव्हता.

नवीन घ्या. पण या वेळी बेगम बाजारात जाऊ नका. घराजवळच्या औषधाच्या दुकानात मुलांचा ब्रश मागा, लहान डोक्याचा, अगदी मऊ केसांचा. अंगठ्याच्या नखाच्या कडेला फिरवून बघा, टोचला तर परत द्या. दांडा जाड असावा, तिच्या मुठीत बसेल असा. रंग पिवळा. जिराफ मिळाला तर उत्तम, नाहीतर कुठलंही जनावर चालेल, फक्त मांजर नको, तिला मांजराची भीती वाटते. तुम्हाला माहीत नसेल म्हणून लिहिलं.

ईशाला तुमच्या वतीने मी काही सांगणार नाही. माझ्या तोंडून ते खरं वाटणार नाही तिला. तुम्हीच लिहा. तिला मराठी अक्षरं जोडून वाचता येत नाहीत, इंग्रजी शाळेची कृपा. गौरीचंही वाचन बेताचंच, आणि पराग घरी येईपर्यंत ती झोपलेली असते. तेव्हा वाचून मीच दाखवीन. माझ्यावर भरवसा असला तर.

मीना

हिमायतनगर, हैद्राबाद
१२ ऑगस्ट २०२४

मीनाताई,

भरवसा नाही. पण दुसरा मार्गही नाही.

सोबत ईशाचं पत्र आहे. आहे तसं वाचा. मधे थांबून दातांचं काही सांगू नका. तुमचा आवाज करडा आहे, फोनवर ऐकलाय, तो जरा मऊ करा. जमलं तर.

ब्रश घेतला. औषधाच्या दुकानातल्या तेलुगू मुलीला मी "चिन्न पिल्लकि" म्हणून सांगितलं, म्हणजे लहान मुलीसाठी. तिने समोर नुसता ढीग घातला. मी एकेक नखावर फिरवत बसले, मागे गिऱ्हाईकं खोळंबली. शेवटी तीच म्हणाली, "अम्मा, ब्रश है, जेवर नहीं." जिराफ मिळाला नाही. पिवळाच आहे, वर बदक आहे. मांजराचं मला माहीत नव्हतं. गेल्या वर्षी मी तिला मांजराचा फ्रॉक दिला होता, तो तिने का घातला नाही ते आज कळलं. हेही तुमच्याकडूनच कळावं!

रजनी

ईशाराणी,

ही हैद्राबादची आजी. तू तुझा ब्रश माझ्या ग्लासात ठेवलास, आणि मला वाटलं तू विसरलीस. म्हणून मी तो परत पाठवला. मला तो नको नव्हता. मला तो फार फार हवा होता, पण मला कळलंच नाही. तुझी आजी हौली आहे. आजोबा तर रोज म्हणतात, तूही एकदा म्हण.

तुझा जिराफ मी गरम पाण्यात घालून बिघडवला. त्याबद्दल माझ्यावर रागाव. पण फोनवर येऊन रागाव. तुझी जागा ग्लासात रिकामी आहे. आजोबांचा ब्रश परवा घसरून तिथे आला, तर मी त्यांना ओरडले. मलाही ओरडता येतं बरं का.

आणि एक. तुझी पुण्याची आजी तुला ओरडते, कारण ती रोज तुझ्याजवळ असते. मी रोज असते तर मीही ओरडले असते, तिच्याहून जास्त. विचार तुझ्या बाबांना.

तुझी आजी

कोथरूड, पुणे
२७ ऑक्टोबर २०२४

रजनीताई,

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला अडीच महिने लावले. रागावले होते. तुमच्यावर नाही, म्हणजे तुमच्यावरही.

ईशाचं पत्र मी आहे तसं वाचलं. आवाज मऊ केला. शेवटचा भाग आला तेव्हा मी चष्मा काढून पुसायला लागले, आणि ती म्हणाली, "आजी, तू का थांबलीस, वाच ना." तो भाग तुम्ही लिहायला नको होता. तुमच्याशी भांडणं त्याआधी सोपं होतं. त्या दिवशी तिने तुम्हाला फोन केला, तो नंबर मी लावून दिला. तुम्हाला हे कळावं म्हणून लिहिते, कारण ती काही सांगणार नाही. तेव्हापासून रोज शाळेतून आल्यावर हैद्राबादला फोन. मी दूध घेऊन शेजारी उभी, आणि ही खिदळतेय. पुन्हा हेवा वाटला. या वयात रोज उठून कुणाचा तरी हेवा करायचा म्हणजे दमायला होतं.

काल दिवाळीसाठी तिघंही तुमच्याकडे निघाली. बॅग मी भरली. टोपण लावून ब्रश पिशवीत घातला. ईशाने काढला. मी परत घातला. तिने परत काढला आणि सरळ निळ्या ग्लासात नेऊन ठेवला. म्हणाली, "तिकडे माझा आहे." मी म्हटलं, अगं, गाडी सकाळी सिकंदराबादला पोचते, उठल्यावर तोंड कशाने धुशील? तर म्हणाली, "चूळ भरीन. दात आजीकडे जाऊन घासणार."

आज सकाळी सवयीने सहाला उठले. तिच्या फ्लॅटची किल्ली माझ्याकडे असते, झाडांना पाणी घालून परत आले. माझ्या बेसिनवरच्या निळ्या ग्लासात तो ब्रश एकटाच उभा होता. कोरडा. मी त्याच्याकडे बघत उभी राहिले, जूनमध्ये तुम्ही उभ्या राहिला असाल तशीच. त्याचे तीन महिने भरलेत, बदलायला झालाय. पण आज काही मी तो बदलला नाही. ती येईपर्यंत बदलणार नाही.

दिवाळीच्या शुभेच्छा. तिला खुबानी दिलीत तर नंतर चूळ भरायला लावा.

मीना

हिमायतनगर, हैद्राबाद
४ नोव्हेंबर २०२४

मीनाताई,

सिकंदराबाद स्टेशनवरून रिक्षात बसल्यापासून ईशा तोंड घट्ट मिटून होती. हे म्हणाले, दात दुखतो का? तिने मान हलवली. घरी आल्यावर चप्पल न काढता न्हाणीघरात धावली. मी मागोमाग.

तिने ग्लासात बघितलं. "हा जिराफ नाही," म्हणाली. मी म्हटलं, तुझा मी बिघडवला ना, हा त्याच्या बदली. तिने ब्रश काढला, नखावर फिरवला, अगदी तुम्ही लिहिलंय तसा. बदकाकडे बघितलं. मग दात घासले, मागचेसुद्धा. पाणी बंद केलं. ब्रश झटकला, आणि मला वाटलं आता ग्लासात आमच्या मधे ठेवणार. तर कंबरेवर हात ठेवून म्हणते, "आजी, पुण्याच्या आजीने सांगितलंय, ब्रश एकमेकांना लागू द्यायचे नाहीत." आणि स्वयंपाकघरातून पाण्याचे आणखी दोन ग्लास आणून तिने आमची दोघांची फाळणी केली. इतकी वर्षं एका ग्लासात होतो आम्ही! ह्यांचं मंजन तर तिने कपाटावर टाकलं. ते बिचारे आता चोरून लावतात.

म्हणजे मी एवढा जीव टाकला तो एका जागेसाठी, आणि ती मिळाली तेव्हा कळलं की माझ्या न्हाणीघरात राज्य तुमचंच आहे. सकाळ-संध्याकाळ तुमचाच आवाज, तुमच्याच नातीच्या तोंडून. जळफळाट झाला माझा. तरीही त्या दिवसापासून मी दात घासायला दहा वेळा आत जाते.

ईशाने काल विचारलं, पुण्याच्या आजीचा ब्रश इथे का नाही? तेव्हा ही सगळी मंडळी परत निघायच्या आत तुम्ही गाडीत बसा आणि इकडे या. बॅगेत ब्रश घालू नका. चौथा ग्लास मी धुऊन ठेवलाय, आणि बेगम बाजारातला डझन तसाच पडून आहे. कडक आहेत, टोचतात. पण तुमचे दात किती मजबूत आहेत ते तुमच्या पत्रांवरून मला कळलेलंच आहे.

वाट पाहते.

तुमची,
रजनी